साउथ ब्रिस्बेन पोटनिवडणूक, २०१२
ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याच्या विधानसभेतील साउथ ब्रिस्बेन मतदारसंघासाठी २८ एप्रिल २०१२ रोजी झालेली पोटनिवडणूक. २४ मार्चच्या सार्वत्रिक निवडणुकीत सत्ताधारी मजूर पक्षाला ८९ पैकी ७ जागा मिळाल्या. येथून पुन्हा निवडून आलेल्या मावळत्या मुख्यमंत्री ॲना ब्लाय यांनी सदस्यत्वाचा राजीनामा दिल्याने ही जागा रिक्त झाली. ब्रिस्बेन महानगरपालिकेचे मतदानही त्याच दिवशी झाले. मतदान सक्तीचे होते (पहा : सक्तीचे मतदान). मतपत्रिकेवर एका उमेदवारापुढील चौकटीत १ हा अंक लिहिणे पुरेसे असून पुढील पसंतिक्रम ऐच्छिक होते (पहा : पसंतिक्रम मतदान). मजूर पक्षाच्या जॅकी ट्रॅड विजयी झाल्या. त्यामुळे एकसदनी विधिमंडळात (पहा : एकसदनी विधिमंडळ) पक्षाचे संख्याबळ ७ वर टिकले. ट्रॅड २०१५ मध्ये उपमुख्यमंत्री झाल्या.