पाण्याखालचं रान

1826चा नोव्हेंबर. जिनिव्हाच्या सरोवरात, गारठलेल्या रात्री, तुम्ही एका होडीत बसला आहात. शेजारी शास्त्रज्ञ दानिएल कोलादाँ पाण्यात सोडलेल्या लांब नळीला कान लावून आहे. साडेतेरा किलोमीटरवर दुसरी होडी. तिथं बंदुकीच्या दारूचा भडका उडतो, त्याच क्षणी पाण्यातल्या घंटेवर घण पडतो. भडका दिसतो तसं घड्याळ सुरू होतं. नऊ सेकंदांहून थोडा जास्त वेळ जातो आणि नळीतून बारीक ठण्‌ ऐकू येतं. सेकंदाला 1,435 मीटर! हवेतल्यापेक्षा चौपट वेगानं आवाज पाण्यातून धावतो, हे आता तुमच्या कानांनाही ठाऊक झालं आहे.

डोळे मिटा. उघडाल ते जिंतूर तालुक्यात, येलदरीजवळ, पूर्णेच्या काठी. साल 1960च्या आसपासचं. पायाखाली काळी, उन्हानं भेगाळलेली. मग मृगाचा पाऊस कोसळतो. भेगा मिटतात, चिखल चपलेला धरून ठेवतो, ओढे गढूळ होऊन नदीकडे पळतात. अजिंठ्याच्या डोंगरापासून निघालेली पूर्णा वाटेतल्या रानांची माती घेऊन तुमच्यासमोरून जाते.

1968. येलदरीचं धरण पुरं झालं. 934 दशलक्ष घनमीटरचा साठा. पाणी गुडघ्याला, छातीला, मग डोक्यावर. नदीचा वेग इथं सरतो आणि तिनं आणलेली माती खाली बसू लागते. दर पावसाळ्यात एक थर.

आज तुम्ही त्याच जागेवर, पण होडीत आहात, साचलेला गाळ मोजायला. दोरीला शिसं बांधून सोडलं तर ते मऊ गाळात रुतेल, तळ कुठं सुरू झाला ते सांगणार नाही. म्हणून होडीखालचं यंत्र दोन आवाज सोडतं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं सागरतळाच्या अभ्यासात वापरलेल्या जोडीसारखेच, 210 आणि 33 किलोहर्ट्झचे. तुमच्या कानांना दोन्ही ऐकू येत नाहीत. 210चा बारीक आवाज गाळाच्या पाठीवरूनच परततो. 33चा जाड आवाज गाळात शिरून खालच्या घट्ट जमिनीवर आपटतो. पंधरा मीटर खोल जाऊन परत यायला सेकंदाचा जेमतेम पन्नासावा भाग. पडद्यावर दोन रेघा उमटतात. वरची 15 मीटरवर आणि खालची 16 वर असली, तर मधला सुमारे मीटरभर गाळ. कुजत्या गाळात वायूचे बुडबुडे असले, तर जाड आवाजही तिथंच अडतो आणि खालची रेघ हरवते.

खालची रेघ म्हणजे तुम्ही उभे होतात ते रान.

साखळीनं सोडलेला पंजा तळाचा गाळ वर आणतो. चिमूट बोटांत घ्या. तीच चिकट काळी. उन्हाळ्यात पाणी हटलं की काठचा गाळ ट्रॉलीनं शिवारात परत नेता येतो. 2017मध्ये राज्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना सुरू झाली. पण पंधरा मीटर खालच्या मातीला ती वाट नाही. तिला वरच्या बांधावरच अडवायला हवं होतं.

चिमूट परत पाण्यात टाकायला तुमचा हात धजत नाही.