‘ते सारे तसेच’ : अल्बेरूनी व सरसकट विधानांचा प्रश्न

मदिनेच्या काळातील एक प्रसंग कुराणाचे भाष्यकार सांगतात. बनू मुस्तलिक या जमातीने इस्लामचा स्वीकार केल्यावर तिच्याकडून जकात आणण्यासाठी पैगंबर महंमदांनी वलीद बिन उक्बा यास पाठविले. जमातीचे लोक स्वागतासाठी सामोरे आले. परंतु दुरूनच तो समुदाय पाहून वलीद भयभीत झाला व अर्ध्या वाटेवरून परतला. त्या लोकांनी जकात नाकारली असून ते आपल्या जिवावर उठले होते, असे त्याने मदिनेत सांगितले. इस्लामपूर्व काळी त्याचे व त्या जमातीचे वैर होते, असेही काही भाष्यकार नमूद करतात. चढाईची भाषा सुरू झाली. चौकशीअंती मात्र सारी वार्ता निराधार ठरली. ‘अल्-हुजुरात’ या ४९ व्या सूरेतील सहाव्या आयतीचा संबंध या प्रसंगाशी लावला जातो. बेभरवशाच्या माणसाने आणलेल्या वार्तेची शहानिशा करावी, नाहीतर अज्ञानाने एखाद्या समाजास इजा होईल, असा तिचा आशय आहे.

एका माणसाचे भय, त्यामागे जुने वैर, आणि परिणामी सबंध जमातीवर ठपका : सरसकट विधान कसे जन्मास येते याचे याहून स्वच्छ उदाहरण आम्हांस माहीत नाही. त्याच सूरेत पुढे (११ ते १३) एका समाजाने दुसऱ्याची थट्टा करू नये, टोपणनावे ठेवू नयेत, आणि ‘झन्न’ म्हणजे पुराव्यावाचून बांधलेले अनुमान टाळावे, अशा आज्ञा आहेत. मानवांचे वंश व कुळे परस्परांची ओळख व्हावी म्हणून निर्माण झाली, असेही तेथे म्हटले आहे. कुराणात समूहांविषयी कठोर उद्गार नाहीत असे नव्हे. वाळवंटातील अरबांविषयी नवव्या सूरेत (९७) असा उद्गार आहेच. पण दोनच आयतींनंतर त्यांच्यातीलच श्रद्धावंतांचा उल्लेख येतो. ग्रंथधारकांविषयी, म्हणजे यहुदी व आपण ख्रिस्ती यांच्याविषयी, तिसरी सूरा (११३) ते सारे सारखे नाहीत असे स्पष्ट बजावते.

या शिकवणीचा विद्येच्या क्षेत्रात कस लागला तो अबू रैहान अल्बेरूनी याच्या हातून. ख्वारिज्ममधील काथ येथे ९७३ मध्ये जन्मलेला हा पंडित १०१७ मध्ये गझनीच्या महमूदाच्या आश्रयास, खरे तर ताब्यात, आला. १०३० च्या सुमारास त्याने हिंदुस्थानाविषयी ८० प्रकरणांचा अरबी ग्रंथ पूर्ण केला. (त्यातील मार्गवर्णनात मरहट्ट देश, कोकण व ठाणे यांचीही नावे आहेत.) ग्रंथाची प्रेरणा एका वादातून मिळाली. ईश्वर आपल्या स्वरूपानेच सर्वज्ञ आहे, असे मुअतझिला पंथाचे मत. ते ‘ईश्वराला ज्ञानच नाही’ अशा रूपात एका लेखकाने मांडले होते. स्वतःच्याच धर्मातील एका पंथाची ही दशा, तर परधर्मीयांची काय होत असेल, असा विचार तेथून पुढे गेला. प्रस्तावनेत अल्बेरूनी खोटे वृत्त देणाऱ्यांची वर्गवारी करतो. कोणी आपल्या कुळाच्या मोठेपणासाठी, कोणी एखाद्या समाजावरील प्रेमाने वा द्वेषाने, कोणी लोभाने वा भीतीने, आणि कोणी केवळ पूर्वसूरींची नक्कल करून असत्य पसरवितो. हा शेवटचा वर्ग आम्हांस सर्वांत मोठा वाटतो. हैदराबाद, वडोदरा, बेळगाव येथील आमच्या मंडळ्या पिढ्यान्पिढ्या मुसलमानांच्या शेजारी राहत आल्या आहेत. तरीही ‘मुसलमान असे मानतात’ या शब्दांनी सुरू होणारी उपदेशातील वाक्ये शेजाऱ्याच्या तोंडून ऐकलेली नसतात. ती गेल्या शतकातील, क्वचित त्याआधीच्या, वादग्रंथांतून उतरत आलेली असतात.

अल्बेरूनीने स्वतः संस्कृतचा अभ्यास केला, सांख्य व योग यांवरील ग्रंथ अरबीत आणले. प्रत्येक समाजात विचारवंतांची श्रद्धा वेगळी व सामान्यजनांची वेगळी, हे त्याचे मुख्य सूत्र होय. मूर्तिपूजेच्या प्रकरणात तो हिंदूंवर थांबत नाही. पैगंबरांचे किंवा काबाचे चित्र एखाद्या अशिक्षित मुसलमानास दाखविले, तर तोही त्याचे चुंबन घेईल, असे तो लिहितो. अकराव्या शतकात गझनीत बसून हे लिहिणे सोपे नव्हते.

तरी हाच अल्बेरूनी पहिल्या प्रकरणात हिंदू लोक अहंमन्य आहेत, आपल्या देशासारखा देश नाही असे ते समजतात, असे सरसकट लिहून जातो. अभ्यासकांनी हे विधान पुष्कळदा उद्धृत केले आहे. त्याच्या आधी काय आहे, हे सांगण्याची तसदी थोड्यांनीच घेतली. भाषेची अडचण व आचारांतील अंतर यांसोबत महमूदाच्या स्वाऱ्यांनी देशाची धूळधाण केली आणि त्यामुळे हिंदूंच्या मनात मुसलमानांविषयी तिरस्कार रुजला, हे कारण तो आपल्याच पक्षाच्या पदरी घालतो. पूर्वीचे हिंदू इतके संकुचित नव्हते, याचा दाखला म्हणून तो वराहमिहिराने ग्रीकांच्या विद्येला दिलेला मान पुढे करतो. विधान चुकले असेल. पण त्याची कारणमीमांसा वाचकापासून लपविलेली नाही.

इब्न खल्दूनची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. १३७७ मध्ये रचलेल्या ‘मुकद्दिमा’त त्याने इतिहासातील असत्याचे पहिले कारण पक्षाभिमान हे सांगितले. काळा वर्ण हा हामच्या शापाचा परिणाम, ही समजूत तौरातमध्ये वर्णाचा उल्लेखच नसल्याचे दाखवून त्याने खोडून काढली. ख्रिस्ती जगतात त्या समजुतीने गुलामगिरीला किती शतके आधार पुरविला, हे आपण जाणतो. परंतु शापाच्या जागी त्याने हवामान बसविले, आणि कृष्णवर्णीयांच्या स्वभावाविषयीचा जुना अपमानकारक निष्कर्ष तसाच ठेवला. कारण बदलले, निकाल बदलला नाही.

ख्रिस्ती लोकांविषयी अल्बेरूनी काय म्हणतो, हेही वाचकांस कळावे. ७१ व्या प्रकरणात तो दुसरा गाल पुढे करण्याची व शत्रूसाठी प्रार्थना करण्याची शिकवण उदात्त म्हणून गौरवितो. पण जगातील सारेच तत्त्वज्ञ नसतात, आणि कॉन्स्टंटाईन ख्रिस्ती झाल्यापासून तलवार व चाबूक दोन्ही चालत आले आहेत, अशी पुस्ती जोडतो. राजसत्ता हाती आलेल्या ख्रिस्ती लोकांविषयी हे नाकारणे कठीण आहे. मात्र अबू सहल अल्-मसीही हा ख्रिस्ती वैद्य त्याचा निकटचा सहकारी होता, आणि त्याने १२ प्रबंध लिहून अल्बेरूनीच्या नावे केले होते. महमूदाने ख्वारिज्मच्या विद्वानांना बोलावणे धाडले, तेव्हा हा वैद्य इब्न सीनाबरोबर निसटला व वाळवंटातील वादळात मरण पावला, अशी हकिकत निझामी अरूझीने ‘चहार मकाला’त दिली आहे. कॉन्स्टंटाईनविषयीचे ते वाक्य अल्बेरूनीने लिहिले, तेव्हा या मित्राला जाऊन सुमारे २० वर्षे झाली होती. त्या वाक्यात त्याला कोठेच जागा नाही.