धन्य कोणास म्हणावे?

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येशू डोंगरावर बसून उपदेश करतो. त्या उपदेशाच्या आरंभीच एक ग्रीक शब्द नऊ वेळा येतो : माकारिओस. इंग्रजी बायबलात त्यासाठी सहसा आशीर्वादवाचक शब्दच योजलेला असल्यामुळे, येथे दीनांना व शोकाकुलांना आशीर्वाद दिला आहे, असा पुष्कळांचा समज होतो. मूळ शब्द तसे म्हणत नाही, असे आमचे मत आहे.

आशीर्वादासाठी ग्रीकात निराळा शब्द आहे. 'युलोगिआ' म्हणजे शब्दशः चांगले बोलणे. त्यात बोलणारा कोणी तरी हवा. माकारिओस हे निव्वळ विशेषण आहे; त्यात मस्तकावर कोणाचा हात नाही. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात हिब्रू धर्मग्रंथांचे ग्रीक भाषांतर सुरू झाले, त्यातही हा भेद पाळलेला दिसतो. हिब्रू 'बारुख'साठी युलोगिआच्या कुळातला शब्द येतो, तर स्तोत्रसंहितेच्या अगदी पहिल्या 'अश्रे' या शब्दासाठी माकारिओस.

मग हे विशेषण लावीत कोणाला? होमरच्या काव्यात 'माकार' हे देवांचे बिरुद आहे. ज्यांना जरा नाही, मरण नाही, त्यांचे. हेसिअडने मृत वीरांच्या सुखद्वीपांना तेच नाव दिले. पुढे मर्त्य माणसांतले सुखी, संपन्न लोकही त्यात आले. मात्र ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात येथे एक मर्यादा घातली. उदाहरण घेतले ट्रॉयच्या प्रायम राजाचे. म्हातारपणी मुलगे गेले, राज्य गेले. सद्गुणी पुरुष अशा आघातांनीही अगदी हतभागी ठरत नाही, असे तो म्हणतो; पण प्रायमची गत झालेल्याला माकारिओस म्हणवत नाही!

आणि मत्तय तर शोक करणाऱ्यांनाच माकारिओस म्हणतो. ग्रीक वाचकाला हे किती विपरीत वाटले असेल! त्यांचे सांत्वन पुढे व्हायचे आहे, तेव्हा हे केवळ आश्वासन आहे, असा आक्षेप कोणी घेईल. सांत्वनाचे क्रियापद भविष्यकाळी आहे, हे खरे. पण 'माकारिओस' असलेल्या पहिल्या अंगात क्रियापदच नाही. आणि दीनांना स्वर्गाचे राज्य 'आहे' असेच म्हटले आहे, 'मिळेल' असे नव्हे.

लूक तर याहून रोखठोक. मत्तय 'आत्म्याने दीन' म्हणतो, लूक नुसते 'दीन'. आणि लगेच धनवान, तृप्त, हसणारे व लोकांनी वाखाणलेले यांच्यावर चार धिक्कार. दोघांनी योजलेला 'प्टोखोस' हा शब्दही ध्यानात घेण्याजोगा आहे. राबून खाणाऱ्या गरिबाला ग्रीकात दुसरा शब्द होता; प्टोखोस म्हणजे हात पसरणारा भिकारी.

मराठी बायबलात माकारिओससाठी 'धन्य' आला आहे, आणि आम्हांस तो इंग्रजीपेक्षा नेमका वाटतो. धन्य म्हणजे संस्कृतात मुळात धनवान. तो शब्द येथे भिकाऱ्याला लावला आहे.