मसऊदीने सोपारे लिहिले, पवनचक्कीही लिहिली. मग ती कोकणात का आली नाही?

१/
पवनचक्की म्हटले की उंच मनोरा आणि त्यावर फिरणारी तीन पाती डोळ्यांसमोर येतात. परंतु पवनचक्कीच्या आरंभीच्या खात्रीलायक लेखी नोंदी वेगळ्याच यंत्राच्या आहेत. त्या चक्क्यांचा आस उभा होता. कुंभाराच्या चाकाप्रमाणे त्या जमिनीला समांतर गरगरत. त्यांची नोंद करणाऱ्या एका लेखकाच्या ग्रंथात आजच्या नालासोपाऱ्याचेही नाव आहे.

२/
तो लेखक म्हणजे बगदादचा अल-मसऊदी. हिजरी ३०४ साली (इ.स. ९१६-१७) तो सैमूर येथे, म्हणजे आजच्या चौलला होता. राष्ट्रकूटांचा मांडलिक असलेला शिलाहार राजा झंझ याचे नाव त्याने नोंदवले आहे. सैमूर, सुबारा आणि ताना या किनाऱ्यावरील नगरांत ‘लारी’ भाषा चालते, असेही तो सांगतो. ताना म्हणजे ठाणे, सुबारा म्हणजे सोपारे.

३/
सोपारे तेव्हाही प्राचीन होते. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील बुरुड राजाच्या कोटात स्तूप उकरला. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्यांना येथेच मिळाला. मसऊदीच्या काळी या शिलालेखाला हजाराहून अधिक वर्षे उलटली होती.

४/
त्याच मसऊदीने सीस्तानविषयी लिहिले. आजच्या इराण-अफगाणिस्तान सीमेवरचा हा प्रदेश वारा आणि वाळू यांचा. तेथील लोक वाऱ्यावर चक्क्या चालवतात आणि बागांसाठी पाणी उपसतात, असे तो सांगतो. त्याचा समकालीन अल-इस्तखरीही तेथील वाऱ्याच्या चक्क्यांचा उल्लेख करतो.

(खलीफा उमर यांच्याजवळ एका इराणी कारागिराने वाऱ्यावर चालणारी चक्की करता येते असे म्हटल्याची कथाही मसऊदी देतो. उमर यांचा मृत्यू इ.स. ६४४ चा आणि मसऊदीचा ग्रंथ ९४३ च्या सुमारास पूर्ण झालेला. तीनशे वर्षांनंतरच्या कथेवरून ‘शोध सातव्या शतकात लागला’ असे ठामपणे सांगू नये.)

५/
रचना समजून घेणे आवश्यक आहे, कारण पुढचे उत्तर काही अंशी तिच्यात आहे. उभ्या आसाभोवती पाती लावून सर्व बाजूंनी वारा येऊ दिला तर चक्की फिरणार नाही. वारा एका बाजूच्या पात्याला पुढे ढकलतो आणि दुसऱ्या बाजूच्या, परत येणाऱ्या पात्याला तितकाच अडवतो. म्हणून तेथील कारागिरांनी मातीची भिंत उभारून अर्धे चक्र वाऱ्याआड केले. इराणच्या खोरासानात नश्तीफान गावी अशा चक्क्या आजही उभ्या आहेत.

या भिंतीची किंमत मात्र मोठी होती. उभ्या आसाला कोणत्याही दिशेचा वारा चालावा, हा त्याचा मुख्य गुण. भिंत उभी राहिली की चक्की एकाच दिशेला बांधली जाते.

६/
मग कोकणात ती का आली नाही? मसऊदीच्या कोकणवर्णनात विड्याची पाने आहेत, मुस्लिम वसाहत आहे, सती जाण्यासारख्या प्रथा आहेत, पवनचक्की नाही. संपर्क नव्हता असे म्हणता येत नाही, इराणच्या आखातातील जहाजे या बंदरांत नित्य येत होती.

पहिले उत्तर दिशेचे. कोकणात पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा, हिवाळ्यात ईशान्येचा, शिवाय रोजचे खारे आणि मतलई वारे. पण हे उत्तर पुरेसे नाही. चौदाव्या शतकाच्या आरंभी अद-दिमश्की याने वर्णिलेल्या चक्कीच्या भिंतींना चार झरोके होते. बाहेर रुंद, आत अरुंद. म्हणजे दिशेची अडचण सोडवता येत होती.

७/
अधिक वजनदार उत्तर पंचांगात आहे. सीस्तानचा प्रसिद्ध ‘१२० दिवसांचा वारा’ साधारणतः जून ते सप्टेंबर या काळात वाहतो. कोकणातला नैर्ऋत्य मोसमी वारा नेमक्या याच महिन्यांतला.

परंतु तिकडे हे दिवस कोरडे, गव्हाची कापणी नुकतीच झालेली, बागा तहानलेल्या. दळायला धान्य आहे आणि उपसायला पाणी हवे आहे. इकडे त्याच दिवसांत खाचरे तुडुंब, भात अजून रोपात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत बंदर बंद. शिवाय कोकणाचे मुख्य धान्य भात; ते घिरटावर भरडायचे आणि उखळात मुसळाने कांडायचे, पीठ करणे हे दुय्यम काम. वारा होता, पण त्याच्याकडून करून घेण्याजोगे काम त्या ऋतूत नव्हते. पुरावा हाती नसताना ‘आपल्याकडेही असणारच’ असे म्हणण्यापेक्षा ही कारणमीमांसा अधिक प्रामाणिक ठरते.

८/
भिंतीचा प्रश्न विसाव्या शतकात सुटला. फिनलंडच्या सिगुर्ड सॅव्होनियसने १९२० च्या दशकात उभे चिरलेले पिंप इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखे मांडले. खोलगट बाजूवर वारा जोर धरतो, फुगीर बाजूवरून निसटतो; भिंत लागत नाही. फ्रान्सच्या जॉर्ज दारियसने त्याच दशकात विमानाच्या पंखासारखी बारीक पाती वापरली. हे यंत्र वेगवान, पण बहुधा स्वतःहून सुरू न होणारे.

१९७३ च्या तेलसंकटानंतर दोन्ही कल्पनांना उजाळा मिळाला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गोविंद राजू आणि रोद्दम नरसिंह यांनी पाणी उपसण्यासाठी शिडाच्या कापडाचे, कमी खर्चाचे सॅव्होनियस चक्र तयार केले. त्याविषयीचा शोधनिबंध १९७९ चा. काम तेच, सीस्तानातले.

९/
मोठ्या वीजनिर्मितीत मात्र आडवा आस जिंकला. दारियसच्या पात्यांवरचा ताण प्रत्येक फेरीत उलटसुलट होतो आणि धातू थकतो. कॅनडातील काप-शा येथे सुमारे ११० मीटर उंचीचे ‘एओल’ हे अवाढव्य दारियस यंत्र उभारले गेले. काही वर्षांतच ते थांबले.

१०/
१९८६ साली कोकणात देवगडला भारतातील आरंभीच्या पवनऊर्जा प्रकल्पांपैकी एक उभा राहिला, तोही आडव्या आसाचा. महाराष्ट्रातील पवनचक्क्या सर्वाधिक वीज पावसाळ्यात देतात, म्हणजे मसऊदीच्या काळी सोपाऱ्याचे बंदर बंद असे त्याच महिन्यांत.