रुग्णाची कथा आणि यंत्राची परिभाषा : एका प्राथमिक अभ्यासक्रमाचा प्रवास

‘वैद्यकीय माहितीशास्त्र’ या ज्ञानशाखेचे नावच भाषांतराचे अपत्य आहे. कार्ल श्टाइनबुख यांनी १९५७ साली जर्मनमध्ये ‘इन्फॉर्माटिक’ हा शब्द वापरला; फिलिप द्रेफ्यूस यांनी १९६२ साली फ्रेंचमध्ये ‘अँफॉर्मातिक’ रूढ केला. इंग्रजीने तो मागाहून उसना घेतला. १९७४ साली स्टॉकहोम येथे ‘मेडइन्फो’ ही पहिली जागतिक परिषद भरली, तेव्हा या शाखेला आंतरराष्ट्रीय व्यासपीठ लाभले. ही शाखा संगणकाची म्हणून ओळखली जात असली, तरी तिच्या प्राथमिक पाठांचा गाभा भाषिक आहे, आणि हे पाठ इंटरनेटवरून दिले जाऊ लागल्यावर ती गोष्ट अधिक ठळक झाली.

या पाठांचे एक मूळ लॉरेन्स वीड यांच्या १९६८ च्या लेखनात सापडते. रुग्णनोंद ही वैद्याच्या स्मरणाची वही न राहता विचाराची रचना व्हावी, असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या पद्धतीत प्रत्येक समस्येखाली प्रथम रुग्णाचे स्वतःचे कथन, नंतर वैद्याचे निरीक्षण, मग निदान आणि शेवटी उपाययोजना असा क्रम येतो. कथनशास्त्राच्या अभ्यासकाला ही मांडणी विचारप्रवृत्त करील. येथे रुग्णाच्या निवेदनाला अग्रस्थान मिळते. पण त्याच क्षणी ते एका चौकटीत बंदही होते. कथेतील ‘नंतर’ आणि ‘म्हणून’ यांचे नाते तुटते व घटनांच्या जागी लक्षणे उरतात.

पुढचा टप्पा संज्ञावलींचा. जेम्स सिमिनो यांनी १९९८ साली वैद्यकीय संज्ञावलीने पाळावयाच्या अपेक्षा मांडल्या. तिचे एकक शब्द नसून संकल्पना असावी. एका संकल्पनेला एकच अर्थ असावा. एकदा स्वीकारलेल्या संकल्पनेचा अर्थ पुढे बदलू नये. ‘इतरत्र वर्गीकरण न झालेले’ अशा अडगळीच्या खणालाही त्यांचा विरोध होता. साहित्याच्या भाषेचे जे वैभव, म्हणजे अनेकार्थता, कालौघात बदलणारा अर्थ आणि संदिग्धता, ते सारे येथे दोष ठरते. अर्थात हा हट्ट निष्कारण नव्हे. औषधाची अ‍ॅलर्जी नोंदवणारा आणि ती वाचणारा यांच्यात अर्थभेद झाला, तर रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

हे शिकविणारे अध्यापक मोजके होते आणि शिकू इच्छिणारे डॉक्टर, परिचारिका व ग्रंथपाल नोकरी सोडून विद्यापीठात येऊ शकत नव्हते. पोर्टलंड येथील ओरेगन हेल्थ अँड सायन्स विद्यापीठाने १९९९ पासून इंटरनेटवरून दूरशिक्षण सुरू केले. २००५ साली अमेरिकन मेडिकल इन्फॉर्मेटिक्स असोसिएशनचे चार्ल्स सॅफ्रन यांनी प्रत्येक रुग्णालयात किमान एक डॉक्टर आणि एक परिचारिका या विषयात प्रशिक्षित असावी, अशी हाक दिली. त्यातून ‘टेन बाय टेन’ हा उपक्रम निघाला : २०१० पर्यंत दहा हजार प्रशिक्षित व्यक्ती. आकडा घोषणेला शोभणारा होता. विल्यम हर्श यांच्या प्रास्ताविक अभ्यासक्रमाला त्यासाठी नवे रूप देण्यात आले : ध्वनिमुद्रित व्याख्याने, वाचन, लेखी चर्चा आणि अखेरीस एक प्रत्यक्ष मेळावा.

तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने या अभ्यासक्रमाचे खरे महत्त्व तो स्पॅनिशमध्ये गेला तेव्हाचे आहे. ब्वेनोस आयरेस येथील ‘ओस्पिताल इतालियानो’ या १८५३ साली स्थापन झालेल्या रुग्णालयाने त्याचे लॅटिन अमेरिकेसाठी भाषांतर केले. मजकूर स्पॅनिशमध्ये आणणे पुरेसे नव्हते. पाठ त्या प्रदेशाच्या परिस्थितीशी जुळवूनही घ्यावे लागले. अमेरिकी विमाव्यवस्था गृहीत धरणारे उदाहरण तेथे निरर्थक ठरते, हे सांगावयास नको. याच रुग्णालयाने आणखी एक मार्ग चोखाळला होता : डॉक्टरांनी आपल्या नेहमीच्या शब्दांत लिहावे आणि संज्ञासेवा देणाऱ्या संगणकप्रणालीने ते शब्द ‘स्नोमेड सीटी’ या संज्ञावलीतील संकल्पनांशी जोडावेत. येथे बोली आणि परिभाषा यांच्यात श्रेष्ठकनिष्ठभाव नाही. बोली दर्शनी राहते, परिभाषा तिच्यामागे. वीड यांच्या चौकटीपेक्षा ही तडजोड अधिक सुज्ञ म्हणावी लागेल.

भारताने २०१४ साली ‘स्नोमेड’च्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे सदस्यत्व घेतले व त्याचे राष्ट्रीय केंद्र पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले. त्यामुळे हा प्रश्न मराठीच्याही उंबऱ्यावर येतो. ‘कणकण आहे’ असे रुग्ण सांगतो, तेव्हा तापमापी बहुधा काहीच दाखवीत नाही. तिला ‘ताप’ या संकल्पनेखाली घातले तर नोंद खोटी ठरते. ‘अस्वस्थता’ म्हटले तर अंगातील ती सूक्ष्म ऊब हरवते. आणि अडगळीचा खण तर सिमिनो यांनी आधीच बंद केलेला आहे.