पाटी आणि वही

मंडळी, परवा भाचा घरी आला होता. त्याचं काम ‘क्लाऊड’चं. बोलता बोलता मी रडगाणं गायलो : आईच्या जात्यावरच्या ओव्या टाइप करून ठेवल्या होत्या, संगणक बसला आणि त्याच्याबरोबर त्याही गेल्या. तो म्हणाला, "मामा, क्लाऊडवरही आधी असंच व्हायचं." मग काय, दोन तास उठू दिलं नाही त्याला!

ॲमेझॉनने ऑगस्ट २००६ मध्ये ‘ईसीटू’ नावाने संगणक भाड्याने द्यायला सुरुवात केली. तासाला १० सेंट. खरं तर हा मोठ्या यंत्रातला एक वाटा, पण वापरणाऱ्याला अख्खा संगणक वाटतो. त्याची डिस्क त्याच यंत्रातली. भाड्याचा संगणक सोडला किंवा यंत्र बिघडलं की सगळं पुसलं जाई. शाळेतली पाटीच म्हणा ना!

‘एसथ्री’ नावाचं कोठार त्याच वर्षी मार्चमध्ये निघालं होतं. पण तिथे फाईल अख्खी ठेवायची, बदलायची तर पुन्हा अख्खी ठेवायची. खतावणीतली एक रक्कम दुरुस्त करायला सगळी वही नव्याने लिहिण्यासारखं. डेटाबेसला हे कसं चालावं? त्याला एकेक कप्पा, म्हणजे ‘ब्लॉक’, हवा तेव्हा खोडता-लिहिता यावा लागतो.

ती सोय २० ऑगस्ट २००८ ला झाली. नाव ‘ईबीएस’. १ जीबी ते १ टीबीची डिस्क, यंत्राबाहेर, नेटवर्कने जोडलेली. यंत्र गेलं तर डिस्क सोडवून दुसऱ्याला जोडायची. शिवाय तिची एक नक्कल आपोआप दुसरीकडे. पाटीची वही झाली.

आणि तरीही २१ एप्रिल २०११ उजाडला. उत्तर व्हर्जिनियात नेटवर्क वाढवताना चुकून सगळी वर्दळ कमी ताकदीच्या वाटेवर वळवली गेली. डिस्कांना आपापल्या नकला दिसेनात. चूक सुधारल्यावर सगळ्या एकदम नवी नक्कल ठेवायला जागा शोधू लागल्या आणि जागाच संपली. रेडिट, कोरा ठप्प. निस्तरायला कित्येक दिवस गेले. त्या विभागातल्या ०.०७ टक्के डिस्का काही धड परत आल्या नाहीत. ज्यांनी आपला ‘स्नॅपशॉट’ एसथ्रीत काढून ठेवला होता, ते तरले.

०.०७! वर्गात असा आकडा आला असता तर मी फळ्यावर सरळ शून्य लिहिलं असतं. पण भाचा गेल्यावर रात्री झोप लागेना.

असो. अक्का, तू हे वाचतेसच. आठवतील तेवढ्या ओव्या फोनवर सांग. या खेपेला एक प्रत भाच्याकडे, एक इथे ब्लॉगवर, आणि एक शाईने वहीत.