२२ मृतदेह, एक रुग्णवाहिका

मेलेली जनावरे ओढणे, मर्तिकाची खबर गावोगाव पोहोचवणे ही कामे गावगाड्याने महारांवर लादली. मरण सर्वांचे, विटाळ मात्र एका जातीच्या माथी! धारूर तेव्हा निजामाच्या राज्यात होते. पण गावगाड्याचा कायदा मनूचाच.

दवाखान्याने हा कायदा मोडला. वॉर्डात रुग्ण दगावला की सिस्टर डोळे मिटवते, नळ्या काढते, अंग पुसते, नावाची चिठ्ठी बांधते. तिथे जात विचारत नाहीत. ती ड्यूटी असते.

पण कार्यपद्धती माणुसकी जपते, तशी गिळतेही. मार्च २०२० च्या केंद्राच्या सूचनांनी करोनाचा मृतदेह गळती न होणाऱ्या पिशवीत बंद केला. पिशवी उघडून नातेवाइकांना चेहरा दाखवण्याची मुभाही त्याच सूचनांत होती. एप्रिल २०२१ मध्ये धारूरशेजारच्या अंबाजोगाईत, स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयातून २२ मृतदेह एकाच रुग्णवाहिकेत कोंबून स्मशानात नेले गेले. कारण सांगितले : गाड्या कमी. म्हणजे नियमातली पिशवी आली, सन्मान मागे राहिला.

हा दयेचा प्रश्न नाही. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये मान्य केले की कलम २१ ची प्रतिष्ठा मृतदेहालाही आहे.

मित्रांनो, आपल्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जा. शवागारात मृतदेह कोण उचलतो, तो कंत्राटी आहे का, त्याला हातमोजे मिळतात का, हे लेखी विचारा. सिस्टरच्या हाताने मोडलेला विटाळ शवागाराच्या दारात पुन्हा उभा राहता कामा नये.

जय भीम!